नवोदयचा निम्मा पेपर आकृत्यांचा

“आमचे मूल उर्दू शाळेत, त्याला नवोदय कसे जमणार?” बोईसर-तारापूरकडचे पालक असे म्हणतात आणि फॉर्म भरायचाच राहून जातो. पालघरजवळ माहीमला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीत प्रवेश मिळाला की राहणे, जेवण, गणवेश व पुस्तके मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी असतात. मुलींचे वसतिगृह वेगळे असते.

पाचवीत होणाऱ्या निवड चाचणीत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, गुण १००. त्यांपैकी ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमतेचे. हे प्रश्न आकृत्यांचे असल्याने भाषा आड येत नाही. शिवाय पेपर उर्दूतूनही देता येतो.

याचा सराव घरीच होतो.

आरसा : कागदावर ‘दाल’ लिहून उजवीकडे आरसा उभा धरा. डावीकडचे तोंड उजवीकडे दिसेल. ‘बे’चा नुक्ता मात्र खालीच राहील. म्हणजे डावे-उजवे बदलते, वर-खाली नाही.

घडी : कागदाला एक घडी घालून भोक पाडा, उघडल्यावर दोन दिसतील. दोन घड्या घालून सर्व थरांतून पाडले तर चार. घडीच्या रेषेपासून दोन्हीकडे अंतर सारखेच असते.

मालिका : एका वेळी एकच गोष्ट पाहावी. आधी बाण किती वळला, मग ठिपका कुठे सरकला. न जुळणारा पर्याय लगेच खोडावा. उर्दू वाचणाऱ्या मुलाची नजर उजवीकडून सुरू होते, म्हणून प्रश्नचिन्ह कुठे आहे ते आधी पाहायला शिकवा. मालिका त्या दिशेने जाते.

वेगळी आकृती : तिघींत समान काय, हे शोधले की चौथी आपोआप सापडते.

अम्मी-अब्बांनी उत्तर सांगू नये, “हेच का?” एवढे विचारावे. कारण सांगता आले तर मुलाला समजले. त्यासाठी पालकांचे शिक्षण फार लागत नाही.

या ४० प्रश्नांना साधारण ६० मिनिटे ठेवावीत. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

फॉर्म विनामूल्य आहे, पण परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. त्यामुळे तयारी चौथीतच सुरू करा. मुलगी पाचवीत असेल तर तिचा फॉर्म आधी भरा.