रंग, ठसे आणि उलटं उमटणारं नाव

“मॅडम, माझं चित्र बिघडलं, दुसरा कागद द्या ना.” शिक्षक मित्रांनो, हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नसेल असं वाटत नाही. गंमत म्हणजे पहिलीतलं मूल असं म्हणत नाही. त्याचा हत्ती निळा झाला तरी त्याला चालतं. पाचवी-सहावीपासून हे ‘बिघडणं’ सुरू होतं, आणि आठवीपर्यंत निम्मा वर्ग “मला चित्र येत नाही” असं सांगून मोकळा होतो.

मी मराठी शिकवते. चित्रकला हा माझा छंद, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चालणारा. कधी जलरंग, कधी लिनोवर कोरकाम, कधी नुसते पानांचे ठसे. कलाशिक्षकांना यातलं सगळं माहीत असतं, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना कलाशिक्षक नसलेल्या शाळेत चित्रकलेचा तास घ्यावा लागतो, आणि ज्यांच्या घरी कपाटात रंगांची पेटी तशीच पडून आहे, त्यांच्यासाठी आहे.

आधी रंगांबद्दल. दुकानात जलरंग आणि पोस्टर कलर शेजारी शेजारी असतात, दोन्ही पाण्यात कालवायचे, म्हणून मुलं ते सारखेच वापरतात. पण दोघांचा स्वभाव वेगळा. जलरंग पारदर्शक असतो. प्रकाश रंगाच्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो आणि म्हणून चित्र उजळ दिसतं. म्हणजे जलरंगातला पांढरा रंग हा कागदच असतो! ढग पांढरा हवा तर ती जागा कोरी सोडायची. क्रम फिक्याकडून गडदाकडे. पोस्टर कलर अपारदर्शक, तो खालचं झाकतो. काळ्या आकाशावर नंतर पिवळा चंद्र काढायचा तर पोस्टर कलरच हवा. जलरंगाचा पिवळा काळ्यावर दिसणारच नाही. मुलांची ‘बिघडलेली’ चित्रं नीट पाहिली तर बरीचशी हात वाईट असल्यामुळे बिघडलेली नसतात. हा फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

कागदाचंही तसंच. साध्या चित्रकलेच्या वहीचं पान दोन-तीनदा ओलं केलं की त्याचे लोळे निघायला लागतात. जलरंगासाठी बरेच जण ३०० जीएसएमचा जाड कागद वापरतात. तो महाग असतो, रोज परवडत नाही. मग वहीच्या पानावर एकदाच पाणी फिरवायचं आणि वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

याच साहित्यात दोन प्रयोग फार छान होतात. पांढऱ्या मेणाच्या खडूने पांढऱ्या कागदावर काहीतरी लिहायचं आणि वरून पातळ निळा हात फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, त्यामुळे लपलेली अक्षरं उघडी पडतात. दुसरा मिठाचा. ओल्या जलरंगावर जाडं मीठ टाकलं की प्रत्येक खडा आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर चांदण्यासारखे फिके ठिपके उरतात. कागदावर पाणी साचलेलं असताना मीठ टाकलं तर ते विरघळून जातं, आणि कागद वाळत आला असेल तर काहीच होत नाही. वरची चकाकी जायला लागते तो क्षण पकडायचा. विज्ञानाच्या बाईंना बोलवा, त्यांचाही तास होऊन जाईल.

पण माझं मन खरं रमतं ते छपाईत. याला मुद्राचित्रण असा भारदस्त शब्द आहे. आपल्याकडे मात्र गौरींच्या सणाला मूठ तांदळाच्या पिठात बुडवून लक्ष्मीची पावलं उमटवतात, वर बोटांनी पाच ठिपके देतात. तीही छपाईच. जो भाग वर आलेला आहे त्याला रंग लागतो आणि तो कागदावर किंवा जमिनीवर उतरतो. भेंडीचा ठसा, बटाट्याचा ठसा, शाळेच्या ऑफिसातला रबरी शिक्का, सगळे याच जातीचे.

भेंडीचे ठसे शाळेत सगळेच करून घेतात, पण बहुतेक वेळा ते लिबलिबीत येतात. कारण भेंडी सरळ रंगात बुडवली जाते. त्याऐवजी जुन्या सुती कापडाची दोन-तीन पदरी घडी ताटलीत ठेवून ती रंगाने भिजवायची आणि भेंडी त्यावर दाबून उचलायची. आतल्या बियांच्या जागासुद्धा स्वच्छ येतात. बटाटा कापल्यावर त्याला पाणी सुटतं, म्हणून तो कोरड्या फडक्यावर पाच-दहा मिनिटं पालथा घालून ठेवायचा. मे महिन्यात पोस्टर कलर ताटलीतच सुकतो, त्यावर दोन-चार थेंब ग्लिसरीन हा चांगला उपाय आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. रेष काढायचा, खोडायचा, पुन्हा काढायचा, कागद फाटेपर्यंत. एकदा मी सगळ्यांना फोमच्या पातळ पट्ट्या दिल्या. त्यावर संपलेल्या बॉलपेनने दाबून चित्र काढायचं, रोलरने रंग लावायचा, कागद ठेवून हाताने घासायचं. फोमवर खोडता येत नाही. त्याने एसटी काढली. पहिला छाप फिका आला, दुसऱ्यात खिडक्या भरून गेल्या. मला वाटलं, आता हा नवीन फोम मागणार. त्याने विचारलं, “रंग कमी लावला तर खिडक्या दिसतील का?” त्या दिवशी त्याने सात छाप काढले. ‘बिघडलं’ हा शब्द एकदाही आला नाही, कारण आठवा काढायची सोय होती. पाटीवर ‘आगार’ मात्र उलटं उमटलं, त्यावर सगळा वर्ग हसला, तोही हसला. मग आम्ही आरसा आणला आणि अक्षरं कोरायच्या आधी कशी लिहायची ते पाहिलं.

मोठ्या मुलांसाठी लिनोकट. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर बसवलेली चादर. ती लाकडापेक्षा मऊ असते आणि तिला लाकडासारखी रेषांची दिशा नसते, म्हणून कुठेही वळवून कोरता येते. यात डोकं उलटं चालवावं लागतं. जे कोरून काढाल ते पांढरं, जे ठेवाल ते काळं. नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने केलेलं काठी टेकत चालणाऱ्या गांधीजींचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. ते लिनोकट आहे. काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, आणि तरी ती चाल लगेच ओळखू येते. मुलांना कोरायला देण्यापूर्वी हे चित्र दाखवावं. किती कमी कोरावं लागतं हे त्यांना कळतं.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे, पुढे कधीच नाही. लिनो आधी उन्हात थोडा तापवला की मऊ होतो, जोर कमी लागतो. माझ्या मते सातवीच्या आत हे देऊ नये, आणि एका वेळी सहा-आठ मुलांपेक्षा जास्त घेऊ नयेत. छापताना रोलरचा आवाज ऐका. शाई बरोबर असेल तर बारीक चरचर येते, पचपच आली तर शाई जास्त झाली. छापखान्याचं यंत्र लागत नाही, स्टीलच्या चमच्याची पाठ कागदावर गोल गोल घासली की काम होतं.

याच्या अगदी विरुद्ध पद्धत फळांच्या रसाच्या टेट्रापॅकवर करता येते. खोका कापून, धुऊन, आतल्या चंदेरी बाजूवर टोकदार सुईने ओरखडायचं. शाई सगळीकडे चोळायची आणि वरची फडक्याने पुसून टाकायची. शाई राहते ती फक्त ओरखड्यांत. आता कागद कोरडा चालत नाही. भिजवून, टिपून घेतलेला ओलसर कागदच त्या बारीक खाचांत शिरून शाई उचलतो. इथे दाब बराच लागतो. चमच्याने छाप येतो, पण फिका. तरी मला ही पद्धत लिनोपेक्षा जास्त आवडते, पेन्सिलीची नाजूक रेष तशीच्या तशी मिळते म्हणून.

शिळाछपाई घरी होण्यासारखी नाही, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेलकट खडूने दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा. तेलकट शाई ओल्या जागी बसत नाही, खडूच्या जागी बसते. मेणाच्या खडूचाच हा थोरला भाऊ! राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत असा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. ज्यांना मूळ तैलचित्र परवडणं शक्य नव्हतं, त्यांच्या देवघरात त्यातूनच लक्ष्मी-सरस्वती पोचल्या.

पालक विचारतात, “याचा एलिमेंटरी-इंटरमिजिएटला उपयोग काय?” थेट उपयोग थोडाच, हे मी स्पष्ट सांगते. त्या परीक्षांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव लागतो आणि तो करावाच. पण ज्या मुलाने कागदच हातात घ्यायचं सोडलंय, त्याच्याकडून सराव कसा करून घेणार? आधी त्याला कागदाजवळ आणायला हवं. त्यासाठी एक फोम, एक रोलर आणि वर्तमानपत्र पुरतं.

छाप वाळायला दोरीवर चिमट्यांनी टांगावेत, तेलाची शाई असेल तर पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरून चाला. आणि एक रीत मुलांकडून जरूर पाळून घ्या. प्रत्येक छापाखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, १/७, २/७ असा, आणि उजवीकडे सही. खालचा आकडा एकूण छापांचा, वरचा त्या छापाचा. आमच्याकडे १/७ कुणी घरी न्यायचा यावरून भांडणं होतात. एसटीवाल्याने मात्र ५/७ ठेवून घेतला. त्यात खिडक्या नीट आल्यात, म्हणाला.