पद्मिनीचा जुना बंपर: पुन्हा क्रोम की नवा?

मुंबईत पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये बंद झाली, पण अब्बांची, मामूंची म्हणून जपलेली पद्मिनी अजून काही घरांत आहे. बंपर काळवंडला की गॅरेजवाला पटकन सांगतो, "नवा टाका." थांबा. आधी बंपर उतरवून मागची बाजू बघा, खरा गंज तिथे असतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आरपार गेला तर हट्ट सोडा, नवा घ्या. पत्रा शाबूत असेल तर मात्र क्रोमच करा. मूळ बंपर ब्रॅकेटवर बरोबर बसतो. डुप्लिकेटचा पत्रा बऱ्याचदा पातळ, आणि छिद्रंही जुळतीलच असं नाही.

क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ. गंज अडवतो तो खालचा निकल. म्हणून भावाआधी कारागिराला विचारा: जुना थर पूर्ण काढणार का? डेंट ठोकून काढणार का? क्रोमआधी तांबं आणि निकल चढवणार का? स्वस्तात करणारे तांबं गाळतात. पुट्टी भरून डेंट लपवलेला चालत नाही; पुट्टीतून वीज जात नाही, तिथे मुलामा धरत नाही. पुढचा-मागचा बंपर एकदमच द्या, नाहीतर चमकेत फरक दिसतो. बसवण्याआधी आतून रंग मारून घ्या, पावसाळा जवळ असेल तर नक्कीच.