निळं फूल खडीच्या खाणीत

उज्जैन वसलंय ते माळव्याच्या काळ्या पाषाणावर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक थेट पुण्यापर्यंत पसरला आहे. याच खडकाने पुण्याजवळच्या वाघोलीला जगभर नाव मिळवून दिलं ते कॅव्हनसाइट या खनिजामुळे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांची आद्याक्षरं जोडून झालेलं हे नाव! खनिज आधी सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण देखणे नमुने वाघोलीच्या खडीच्या खाणींतलेच.

ओळखायचं कसं? खडकाच्या पोकळीत पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर बसलेली, वाटाण्याएवढी गर्द निळी गोंडेदार फुलं दिसली की थांबा. काठिण्य 3 ते 4, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. पण चांगल्या नमुन्यावर हा प्रयोग कोण करील? सुट्या, टोकदार निळ्या काड्या दिसल्या तर तो बहुधा पेंटागोनाइट. रासायनिक सूत्र तेच, अणूंची मांडणी वेगळी.

खाणमालकाची परवानगी आधी. फूल खरवडू नका. छिन्नी फुलापासून लांब लावून खालच्या दगडासकट तुकडा काढा, मऊ कागदात गुंडाळा आणि जागा-तारखेची चिठ्ठी तिथेच लिहा. हात रिकामे राहिले, तर सिन्नरचं गारगोटी खनिज संग्रहालय आहेच.