माता-बाल आरोग्यातील समन्याय : डॉ. सेझर व्हिक्टोरा यांचे संशोधनकार्य

प्रस्तावना :
एखाद्या प्रदेशाचा अर्भक मृत्युदर घटला की तेथील आरोग्य सुधारले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु ही घट नेमकी कोणाच्या घरात झाली, याचे उत्तर सरासरीचा आकडा देत नाही. हा प्रश्न साथरोगशास्त्राच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या अभ्यासकांत ब्राझीलचे डॉ. सेझर व्हिक्टोरा यांचे स्थान अग्रगण्य आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचा व त्यातील समन्यायविषयक विचाराचा परामर्श घेण्यात आला आहे.

पेलोतासचा अभ्यास :
१९५२ साली जन्मलेले व्हिक्टोरा १९७६ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले आणि १९७७ पासून दक्षिण ब्राझीलमधील पेलोतास येथील संघीय विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९८२ मध्ये डॉ. फर्नांदो बारोस यांच्यासह त्यांनी शहरातील रुग्णालयांत वर्षभरात जन्मलेल्या सुमारे ५,९०० बालकांची नोंद केली. पुढे केवळ पत्त्यांवरून ही मुले शोधताना अनेक कुटुंबे हाती लागेनात. तेव्हा १९८४ मध्ये शहरातील सुमारे ७०,००० घरे पालथी घालण्यात आली. ज्यांचा पत्ता टिकत नाही ती कुटुंबे बहुधा गरीबच असतात. त्यांना वगळले असते तर विषमतेचा अभ्यासच पोकळ ठरला असता. पुढे १९९३, २००४ आणि २०१५ मध्ये जन्मलेल्या बालकांचेही असेच अभ्यास सुरू झाले.

१९८७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, निव्वळ स्तनपानावरील अर्भकांच्या तुलनेत अजिबात स्तनपान न मिळालेल्या अर्भकांना अतिसाराने मृत्यू येण्याचा धोका १४ पट होता. १९८२ च्या गटातील सुमारे ३,५०० व्यक्तींची वयाच्या तिशीत केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दीर्घकाळ स्तनपान मिळालेल्यांचा बुद्ध्यंक अधिक आढळला. श्रीमंत देशांत सुशिक्षित, सधन माताच अधिक काळ स्तनपान करतात, त्यामुळे तेथे असा निष्कर्ष संशयास्पद ठरतो. पेलोतासमध्ये त्या काळी स्तनपानाचे प्रमाण आर्थिक स्तरानुसार फारसे बदलत नव्हते. अर्थात मातांचा बुद्ध्यंक मोजलेला नसल्याने शंकेस थोडी जागा उरतेच.

व्यस्त समन्यायाचे गृहीतक :
ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक, त्यांनाच ती सर्वात कमी मिळते. व्हिक्टोरा व सहकाऱ्यांनी २००० मध्ये या विचाराला काळाची मिती दिली. नवी लस वा नवी सेवा आली की तिचा लाभ प्रथम सधन वर्ग घेतो, म्हणून आरंभी दरी रुंदावते. सधनांची सुधारणा कमाल पातळीला पोहोचली की मगच गरीब त्यांना गाठू लागतात. आणि तोवर पुढची नवी सेवा दाराशी आलेली असते! थोडक्यात, सद्हेतूने राबविलेली योजनाही काही काळ विषमता वाढवू शकते.

२०१८ मध्ये २८६ राष्ट्रीय सर्वेक्षणांतील संस्थात्मक प्रसूतींच्या आकडेवारीवर हे गृहीतक तपासण्यात आले. प्रमाण कमी असताना श्रीमंत गट इतरांच्या फार पुढे असतो. प्रमाण वाढल्यावर सर्वात गरीब गट एकटा मागे राहतो. म्हणजेच ९० टक्के प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्या, तरी उरलेल्या १० टक्के स्त्रिया समाजात सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात.

भारतीय संदर्भ :
जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची बालवाढ मानके ज्या सहा ठिकाणच्या मुलांवरून ठरली, त्यांत पेलोतासप्रमाणेच दिल्लीही होती. अंगणवाडीतील वाढीचा तक्ता याच मानकांवर आधारलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही आता संपत्तीच्या पाच स्तरांनुसार आकडे मिळतात, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि जिल्हा पत्रकात अमरावती शहर आणि मेळघाट एकाच आकड्यात मिसळलेले असतात. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील मातांची स्थिती त्यातून वेगळी काढता येत नाही.