भोकरदनची हस्तिदंती बाई

जालना जिल्ह्यातलं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत! १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या त्या कामात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली होती. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. ती भोकरदनलाच घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मलाही पटतं (जालनेकर आहे, पक्षपात गृहीत धरा). छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर भोकरदनच्या उत्खननातल्या वस्तूंसाठी त्याच मराठवाडा विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय चुकवू नका.