पहिलीत जाणाऱ्या लेकरांचा शाळेत मेळावा: तिथं काय होतं, आईवडिलांनी काय करायचं?

एप्रिल महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत वार्षिक परीक्षा आणि निकालाची गडबड असते. त्याच दिवसांत शाळेत आणखी एक कार्यक्रम होतो. जूनमध्ये जी लेकरं पहिल्यांदा पहिलीच्या वर्गात बसणार आहेत, त्यांचा 'शाळापूर्व तयारी मेळावा'. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावानं हे अभियान राज्यात सुरू आहे. पहिला मेळावा उन्हाळी सुट्टीच्या आधी आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास, असे दोन मेळावे होतात.

बीड जिल्ह्यात हा काळ जरा वेगळा असतो. दिवाळीच्या आसपास कारखान्यांवर गेलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावाकडं परततात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या तालुक्यांतल्या कितीतरी घरांत लेकरू पाच-सहा महिने कोपीवर किंवा आजी-आजोबांपाशी राहिलेलं असतं. अंगणवाडी बुडालेली असते. अशा लेकरासाठी तर हा मेळावा आणि त्यानंतरचे दोन महिने फार महत्त्वाचे आहेत.

पण शाळेचा निरोप आला की घरात काय बोललं जातं? "नावच टाकायचंय ना, जूनमध्ये टाकू." नाहीतर "आपल्याला अजून काही येत नाही, परीक्षेत नापास केलं तर?" या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मेळावा नुसत्या नाव टाकण्यापुरता नसतो आणि ती परीक्षा तर अजिबात नसते.

मेळाव्यात काय काय असतं?

शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा मैदानात सात टेबलं किंवा कोपरे मांडलेले असतात. त्यांना स्टॉल म्हणतात. शिक्षक, अंगणवाडीताई आणि गावातले स्वयंसेवक तिथं थांबलेले असतात. लेकरू आईचं बोट धरून एकेका स्टॉलवर जातं.

१) नोंदणी: नाव, वय लिहून घेतात. लेकराच्या हातात 'विकासपत्र' देतात.

२) शारीरिक विकास: पळणं, उड्या मारणं, चेंडू फेकणं-झेलणं, चित्रात रंग भरणं, कागदाची घडी घालणं.

३) बौद्धिक विकास: सारख्या वस्तू वेगळ्या करणं, क्रमानं लावणं, चित्राचे तुकडे जुळवणं.

४) सामाजिक व भावनिक विकास: स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल, मित्रांबद्दल बोलणं.

५) भाषा विकास: चित्र बघून सांगणं, गोष्ट ऐकणं आणि सांगणं, अक्षरांची ओळख.

६) गणनपूर्व तयारी: लहान-मोठं, कमी-जास्त, वस्तू मोजणं, आकार ओळखणं.

७) पालकांना मार्गदर्शन: घरी काय करायचं ते इथं समजावून सांगतात.

प्रत्येक स्टॉलवर लेकरू काय स्वतः करतं आणि कुठं मदत लागते, ते विकासपत्रावर लिहिलं जातं. त्यात नंबर नसतो, पास-नापास नसतं. 'मदत लागते' असं लिहिलं म्हणजे पुढच्या दोन महिन्यांत तिथं जरा जास्त लक्ष द्यायचं, एवढाच अर्थ. जूनमधल्या दुसऱ्या मेळाव्यात पुन्हा हेच स्टॉल होतात, तेव्हा फरक किती पडला ते दिसतं. म्हणून हा कागद जपून ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचा स्टॉल सातवा आहे. बरेचजण तिथवर थांबतच नाहीत. लेकराचा फोटो झाला की निघतात. पण अर्धं काम त्या शेवटच्या टेबलावर आहे.

उड्या मारून अभ्यास कसा होतो?

हा प्रश्न हमखास येतो. "शाळेत अक्षरं शिकवायची सोडून हे खेळ कशाला?" याचं उत्तर लेकराच्या हाताकडं बघितलं की मिळतं. पाच-सहा वर्षांच्या लेकराची बोटं अजून कोवळी असतात. पेन्सिल धरून ओळीत लिहायला बोटांत ताकद आणि वळण लागतं. ते मणी ओवून, कागद दुमडून, पिठाचे गोळे करून येतं. बोटं तयार नसताना पाटीभर 'अ आ इ' गिरवायला लावलं की हात दुखतो आणि लेकराला लिहिण्याचाच कंटाळा येतो.

गणिताचंही तसंच. काही लेकरं एकपासून शंभरपर्यंत घडाघडा म्हणतात. घरी सगळे खूश. पण समोर चिंचोके टाकून "यातले सात दे" म्हटलं की मूठभर उचलून देतात. म्हणजे आकडे पाठ आहेत, पण सात म्हणजे किती हे कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय बेरीज-वजाबाकी समजत नाही. आधी वस्तूला हात लावून मोजणं, मग आकडा ओळखणं, असा हा क्रम आहे.

वाचनाचं मूळ बोलण्यात आहे. ज्या लेकरानं भरपूर गोष्टी ऐकल्यात, जे दिवसभरातलं सांगू शकतं, त्याला पुस्तकातला शब्द भेटला की तो ओळखीचा वाटतो. शब्दच माहीत नसेल तर अक्षरं जोडूनही काही कळत नाही.

देशभरात ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं ध्येय आहे. तिसरीच का? कारण त्यानंतर प्रत्येक विषयाचं पुस्तक वाचूनच शिकायचं असतं. ज्याला वाचता येत नाही तो भाषेत मागं पडतो, मग परिसर अभ्यासात, मग गणितातही. वर्गात मागं बसायला लागतो, आणि हळूहळू शाळेत यायचंच टाळतो. पुढं शाळा सुटायची वेळ येते तिची सुरुवात बऱ्याचदा इथं, पहिली-दुसरीत झालेली असते.

माता गट म्हणजे काय?

मेळाव्यात एका गल्लीतल्या, वस्तीवरच्या किंवा तांड्यावरच्या चार-पाच आयांचा एक गट करतात. त्यांतली एक 'लीडर माता' असते. ती फार शिकलेली असावी असं काही नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी कुणाच्या तरी दारात बसायचं आणि आठवडाभर लेकराकडून काय करून घ्यायचं ते ठरवायचं. त्यासाठी शाळेकडून कृतींची पत्रकं आणि मोबाईलवर छोटे व्हिडिओ येतात.

व्हिडिओ बघायचा तो आईनं किंवा बापानं. मोबाईल लेकराच्या हातात देऊन आपण मोकळं व्हायचं नाही. दोन मिनिटं बघा, मोबाईल बाजूला ठेवा आणि तीच गोष्ट लेकराबरोबर करा.

घरात, शेतात करता येण्यासारखं

यासाठी एक रुपयाचाही खर्च नाही.

- ज्वारी, तूर आणि हरभरा मूठ-मूठ एकत्र करून द्या. लेकरू वेगवेगळे करील.
- भाकरी करताना पिठाचा गोळा हातात द्या. एक मोठा, एक लहान, एक त्याहून लहान करायला सांगा.
- "आज घरात किती माणसं जेवणार? तेवढ्या ताटल्या आण."
- कळशी भरायला किती तांबे पाणी लागतं ते मोजायला लावा. आधी अंदाज विचारा, मग मोजा.
- शेरडं-कोंबड्या मोजणं, चपलांच्या जोड्या लावणं.
- रात्री झोपताना गोष्ट सांगा. मधेच थांबून विचारा, "मग पुढं काय झालं असंल?"
- बाजारातून आलं की "आज काय काय बघितलं?" असं विचारा आणि त्याचं पुरतं ऐकून घ्या.

घरात गोरमाटी किंवा दुसरी भाषा बोलत असाल तर त्याच भाषेत गोष्टी सांगा. मोडकंतोडकं मराठी बोलायची गरज नाही. आपल्या भाषेत ज्याला नीट बोलता येतं, त्याला शाळेची भाषा शिकणं सोपं जातं.

आणखी काही गोष्टी शिकवायच्या आहेत, त्या अभ्यासाच्या वाटत नाहीत पण पहिल्या दिवसापासून लागतात. स्वतःचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव सांगणं, चड्डीचं बटण लावणं, लघवीला जायचं असेल तर न लाजता सांगणं, जेवणाआधी हात धुणं.

एक गोष्ट मात्र करू नका. "थांब, शाळेत गेल्यावर गुरुजी कसे ठोकतेत बघ," अशी भीती घालू नका. शाळेत मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं याला शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. ज्या शाळेची घरातच धास्ती घातली, तिथं लेकरू हसत कसं जाईल?

नाव टाकताना हे तपासा

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची ६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड असेल तर सोबत न्या. पण दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तसं कायद्यातच लिहिलंय. कागद नाहीत म्हणून घरी बसू नका. लेकरू शाळेत बसवा आणि कागद मागून पूर्ण करा.

शाळेच्या रजिस्टरला नाव, जन्मतारीख आणि जात लिहिली जाते. ही नोंद पुढं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि जातीच्या दाखल्यापासून नोकरीपर्यंत कामी येते. म्हणून गुरुजी लिहीत असताना तिथंच थांबा, वाचून दाखवायला सांगा. आजोबांच्या किंवा वडिलांच्या जुन्या दाखल्यावर जात जशी लिहिली आहे तशीच पूर्ण आली का ते बघा. नंतर दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतात, ते ज्यानं घातलेत त्याला विचारा.

आधार लहानपणी काढलेलं असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात. ५ वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते. ५ ते ७ वर्षांच्या दरम्यान ती फुकट होते.

जूनमध्ये काय?

दुसरा मेळावा झाला की शाळेचा पहिला दिवस, म्हणजे प्रवेशोत्सव. नवीन मुलांचं स्वागत होतं आणि पुस्तकं मोफत मिळतात. शाळेत दुपारचं जेवण असतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि त्या जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. जेवण कसं आहे हे बघायला पालक शाळेत जाऊ शकतात.

शाळेच्या कारभारात पालकांचा वाटा कायद्यानं ठरलेला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. पहिलीतल्या लेकराची आईसुद्धा या समितीत बसू शकते. पालकसभेत निवड होत असेल तेव्हा हजर राहा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

दिवाळीनंतर पुन्हा कोयता घेऊन जायचंय, मग शिकून उपयोग काय, असं समजू नका. मुकादमाची गाडी यायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा. आपल्याकडं दोन वाटा आहेत. पहिली, हंगामी वसतिगृह. लेकरू गावातच नातेवाइकांपाशी राहतं, शाळा चालू राहते आणि जेवणाची सोय होते. दुसरी, लेकरू सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून 'शिक्षण हमी कार्ड' मागून घ्या. ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवलं की तिथं वर्गात बसता येतं. दाखला आणला नाही म्हणून ती शाळा अडवू शकत नाही. परत आलं की पुन्हा आपली शाळा आहेच.

मेळाव्याला जाताना

मेळावा दोन-तीन तासांचा असतो. त्या दिवशी रोजगार बुडवणं शक्य नसेल तर आजी, आत्या किंवा थोरली बहीण गेली तरी चालेल, पण सातव्या स्टॉलवर काय सांगितलं ते घरी येऊन सगळ्यांना सांगायला हवं. लेकराला खाऊ-पिऊ घालून न्या. असतील ते कागद पिशवीत टाका. तिथं एखादी गोष्ट आली नाही तर लोकांसमोर रागावू नका आणि शेजारच्या लेकराशी तुलना करू नका.

तुमच्या गावातल्या मेळाव्याची तारीख शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, किंवा अंगणवाडीताई सांगतात. निरोप आला नसेल तर शाळेत जाऊन विचारा. आणि शेजारच्या वस्तीवर नुकतंच फडावरून आलेलं एखादं बिऱ्हाड असेल, तर त्यांनाही सांगा. त्यांचा नंबर बहुतेक ग्रुपमध्ये नसतो.