ध्रुवाच्या गालावरचा शंख

रुसलेलं मूल फार तर ओट्यावर जाऊन बसतं. ध्रुव थेट रानात गेला. बापाच्या मांडीवर चढायला निघाला तर सावत्र आई सुरुची नको ते बोलली. तेव्हा वय वर्षे पाच. एकोणिसाव्या शतकातल्या जयपुरी शैलीत ध्रुवाचं चित्र पाहायला मिळालं, तर त्याच्या जोडलेल्या हातांमागचा हा राग आधी लक्षात घ्यावा. आपण त्याला उगाच गोजिरवाणा करून टाकलाय.

भागवताने त्याच्या तपाचा हिशेब चोख मांडलाय. पहिला महिना तीन-तीन दिवसांनी कवठं नि बोरं, दुसरा महिना सहा दिवसांनी वाळका पाला, मग नऊ दिवसांनी नुसतं पाणी. पाचव्या महिन्यात पोरगं एका पायावर उभं. त्याच्या अंगठ्याच्या दाबाने पृथ्वी कलली, हत्ती चढल्यावर होडी कलते तशी. शेवटी विष्णू समोर आला आणि ध्रुवाला बोलायला शब्दच सुचेनात. तेव्हा देवाने शंख त्याच्या गालाला लावला. या प्रसंगाच्या चित्रात नजर आधी त्या शंखावर न्यावी. स्तुती त्यानंतरची.

या चित्रांची कारागिरीही तितकीच चिवट. कागदावर कागद चिकटवून वसली करायची, ती अकीकाने घोटायची, मग खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, वर सोनं. जयपूरचे सवाई रामसिंह (कारकीर्द १८३५ ते १८८०) स्वतः फोटो काढणारे राजे. त्या काळात जयपूरच्या चित्रकारांपुढे कॅमेरा येऊन ठेपला होता.

विष्णूने ध्रुवाला दिलेलं अढळपद, म्हणजे आकाशातल्या ध्रुवताऱ्याची जागा, जयपुरात मात्र दगडचुन्यात आहे. सवाई जयसिंहांच्या जंतरमंतर या वेधशाळेत ‘ध्रुवदर्शक पट्टिका’ नावाचं साधंसं उतरतं बांधकाम आहे. त्याच्या कडेला डोळा लावला की रात्री नजर ध्रुवाकडे जाते. उतार २७ अंशांचा, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा. मुंबईत ध्रुव १९ अंशांवरच दिसतो. लग्नात नवरीला ‘तो बघ ध्रुव’ म्हणून दाखवताना भटजी हे सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट ते सांगत नाहीत. तो तारा पुरता अढळ नाही. जयसिंहांच्या वेळी तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन अंश लांब होता. आज एक अंशाच्या आत आलाय आणि २१०० च्या सुमारास सर्वांत जवळ असेल.